तांबड्या दगडाची जागा

१

शनिवारी सकाळी आम्ही उम्म सिद्राला पोहोचलो तेव्हा दगड होता, पण जागेवर नव्हता.

"दगड ह्योच, मास्तर," रबियाबी म्हणाल्या, "पण तो हितं नव्हता."

"फूफी, मागच्या महिन्यात एकदाच तर आलीस तू," त्यांचा भाचा कमाल गाडीचं दार लावत म्हणाला. "सगळीकडे वाळूच वाळू. चुकत असशील."

"एकाहत्तर वर्षांची हाय मी, आंधळी नाय."

उम्म सिद्रा कतारमध्ये, दोह्याच्या उत्तरेला आहे. लुसैलच्या नव्या इमारतींवरच्या क्रेन मागे पडल्या की पुढे तासभर नुसती पांढरी जमीन, आणि मग समुद्रकाठी ही वस्ती: एक मशीद, पाचसहा पडकी घरं, बोरीच्या जातीचं एक जुनं सिद्राचं झाड आणि कुंपणातल्या अकरा कबरी. मोती काढणाऱ्यांचं गाव होतं हे. आता इथली कुटुंबं दोह्यात राहतात आणि गावावर लक्ष ठेवायला वली नावाचा एकच माणूस असतो, श्रीवर्धनचा.

कुंपणापासून साठेक पावलांवर बारावी कबर होती, एकटी, मातीचा लांबट उंचवटा. तिच्या डोक्याशी हा दगड. कोकणातल्या कोणालाही तो लांबून ओळखू येईल, कारण तो जांभा होता. कतारची जमीन चुनखडीची. तिथे तांबडा, भोकाभोकांचा जांभा आपोआप येत नाही. रत्नागिरीहून येणाऱ्या गलबतांचा तोल राहावा म्हणून तळाला दगड भरत, त्यातला हा एक. त्यावर छिन्नीने एक होडी कोरली होती आणि खाली अरबी अक्षरांत नाव होतं, दाऊद होडेकर. होड्या बांधणारा सुतार. मोत्यांच्या हंगामात इथे येऊन राहिला आणि ऐंशी वर्षांपूर्वी इथेच वारला. रबियाबींचे आजोबा. आमच्याकडच्या माणसांपैकी या किनाऱ्यावर राहिलेला पहिला, असं दोह्यात गेलेले इथले म्हातारे सांगतात.

डिसेंबरातल्या वाऱ्याने वर साठलेली कोरडी वाळू उडाली आणि दगड उघडा पडला. वलीने नाव वाचून कमालला फोन केला. कमालचं दोह्यात नजमा भागात चौदा वर्षांपासून चहा-पराठ्याचं कॅफेटेरिया आहे. मी तिथे चहाला जातो, माझी आणि रबियाबींची ओळख तिथलीच. रबियाबी महिनाभराच्या व्हिसावर आल्या त्या याच दगडासाठी.

आणि आता घाई होती. वर्ल्ड कपच्या तयारीतला एक रस्ता या वस्तीवरून जायचा होता. रविवारी वारसा खात्याचे अधिकारी येऊन कबर कुठे आहे ते नोंदवणार, तिच्याभोवती कुंपण घालणार आणि उरलेल्या जमिनीवर रोलर फिरायला परवानगी देणार होते.

"बघ ना," कमाल म्हणाला, "कबर रस्त्याच्या बाहेर हाय. कुंपण होईल, नाव राहील. आणखी काय पायजे?"

"कबर पायजे," रबियाबी म्हणाल्या.

मी गुडघ्यावर बसलो. इथल्या खारट जमिनीतली ओल दगडात चढते, उन्हाने सुकते, आणि दगड जमिनीबाहेर येतो तिथेच मिठाची पांढरी रेघ धरते. शाळेत भूगोल शिकवताना मुलांना मी हे खडूचा तुकडा शाईत बुडवून दाखवत असे. या दगडावरही तशी रेघ होती, जाड, वर्षानुवर्षांची.

फक्त ती जमिनीपासून चार बोटं वर होती.

२

"रबियाबी," मी म्हणालो, "गेल्या वेळी तुम्ही दगडाशी बसलात तेव्हा समोर काय दिसत होतं?"

"समुद्र. मशिदीच्या डाव्या अंगानं."

आता तिथून मशिदीची भिंतच दिसत होती. आम्ही दोघं समुद्र दिसेपर्यंत चालत गेलो. पावलं मोजली, पंचवीस झाली. तिथे रस्त्याच्या आखणीची चुन्याची रेघ होती आणि दोन्ही बाजूंना लाकडी खुंट्या. जमीन मात्र सपाट, पांढऱ्या खडीची, इतर जमिनीसारखीच.

"इथे तर काहीच नाही," मी म्हणालो.

"तुमी वरवर बघताय," म्हणत त्या खाली बसल्या आणि हाताने खडी बाजूला सारू लागल्या. दोन बोटं खाली गेल्यावर त्या थांबल्या. त्यांच्या नखांत तांबडं काहीतरी अडकलं होतं.

जांभा झिजतो. ऊन, वारा, दव, सगळ्याने त्याचे कण सुटतात. ऐंशी वर्षांत या दगडाने आपल्या पायाशी परातीएवढा तांबडा डाग केला होता. वरून ताजी खडी पसरून कोणीतरी तो झाकला होता. मी परत जाऊन नव्या जागेची माती चाळली. तिथे तांबडा कण औषधालाही नव्हता.

म्हणजे खरी कबर इथे होती, बरोबर रस्त्याखाली. वर कोणाचंही नाव उरलं नव्हतं. उद्या अधिकारी रिकाम्या उंचवट्याला कुंपण घालणार आणि दाऊद होडेकरांवरून रोलर जाणार.

"हे ज्यानं केलं ना," रबियाबी उभ्या राहत म्हणाल्या, "त्यानं नाव वाचवलं आन् माणूस पुरला. दुसऱ्यांदा."

तेवढ्यात एक पांढरी जीप येऊन थांबली. रस्त्याची आखणी करणारा इंजिनिअर खाली उतरला. आम्हाला तांबड्या डागाशी बघून त्याचा चेहरा पडला.

तो माझा जावई होता.

३

"बाबा, तुम्ही इथे काय करताय?" मिहीरने विचारलं.

"भूगोल."

तो हसला नाही. मिहीर नाशिकचा, हुशार आणि कामाला वाघ. माझी मुलगी चैत्राली आणि तो अल दुहैलला राहतात, मी हिवाळाभर त्यांच्याकडे असतो. रोज एका टेबलावर जेवणाऱ्या माणसाची चौकशी करणं सोपं नसतं.

"हा दगड तुझ्या नकाशावर आहे?"

"नाही. मी मोजणी केली तेव्हा तो वाळूखाली होता. कुंपणातल्या अकरा कबरी मी मोजल्यात, एकेकीची लांबी, रुंदी, कोन, सगळं. हा नंतर निघाला."

"आणि रस्त्याच्या मधोमध निघाला."

"हो."

"मग तू काय म्हणालास?"

 उत्तर दिलं रबियाबींनी. "मी सांगते काय म्हणाला ते. कमालच्या टेबलाशी बसून चहा पीत म्हणाला, च्यायला, हा दगड पंचवीस पावलं तिकडं असता तर किती बरं झालं असतं. म्हणालास का नाय?"

"म्हणालो." त्याचे कान लाल झाले. "वैतागून म्हणालो, मावशी. दोनदा आखणी बदलून झाली होती. पण म्हणणं वेगळं आणि करणं वेगळं."

"काल दुपारी कुठे होतास?" मी विचारलं. शुक्रवार इथे सुट्टीचा. सकाळी मी कंपाउंडमधल्या मुलांना मराठी शिकवत होतो, तेव्हा 'साइटवर जातो' म्हणून तो बाहेर पडला होता आणि तीनला परतला होता.

"बाबा, ते मी आत्ता नाही सांगू शकत."

"का?"

"कारण अजून साहेबांनाच सांगितलेलं नाही."

रबियाबींनी माझ्याकडे पाहिलं. 

४

वलीने आम्हाला मशिदीच्या सावलीत काळा चहा दिला. अठ्ठावीस वर्षं हा माणूस इथे एकटा होता. बांग तोच देई, मशिदीबाहेर नमाजासाठी दगडांची रांगही त्यानेच मांडलेली.

"वली," मी म्हणालो, "दगड हलला हे तुला ठाऊक आहे."

"मला काय ठाऊक असणार, गुरुजी?"

"अठ्ठावीस वर्षं इथला खडान्खडा झाडतोस. एवढा मोठा दगड पंचवीस पावलं चालत गेला तो तुला दिसला नाही?"

त्याने पेला खाली ठेवला. "रस्ता झाल्यावर मला राखणीला ठेवणार हायत. मी तोंड उघडलं तर कोण ठेवील?"

"तू गप्प बसलास तर रस्त्याखाली कोण जाईल, तेही बघ."

त्याने पेला उचलून तळचा गाळ वाळूत ओतला. मग म्हणाला, "काल जुम्याच्या नमाजाला मी पलीकडच्या गावात गेलो, इथे जुमा होत नाय. जाताना दगड जुन्या जागी होता. जेवून तीनला आलो तर तिकडे. म्हटलं, इंजिनियरसाहेबांनीच केलं असणार. मोठ्या लोकांची कामं."

"कोणी दिसलं?"

"गाडीच्या चाकांचे ठसे. बस्स."

म्हणजे शुक्रवारी भर दुपारी, साऱ्या कतारात रस्ते ओस असतात त्या वेळी.

कमाल पलीकडे गाडी पुसत होता. मी त्याच्याकडे गेलो.

"काल तू कुठे होतास रे?"

"जुम्याला, नजम्यातच. आणि कुठे असणार?" त्याने फडकं पिळलं. "मास्तर, फूफीला समजवा तुमी. मला काय दुःख नाय वाटत? कबर म्हंजे काय ते मला विचारा. गावात जमातीसाठी वीस वर्षं मीच खणायचो. पन्नासएक कबरी ह्या हातांनी खणल्यात, माझ्या अब्बांचीपण. पण आता काय? माती ती माती. नाव राहिलं म्हंजे झालं. माझा व्हिसा ज्याच्या हातात, त्या कफीलचे ट्रक ह्या रस्त्याला लागलेत. रस्ता थांबला तर तो मलाच विचारणार, तुझ्याच फूफीनं थांबवला ना?"

तेवढ्यात असरची, दुपार कलल्यावरच्या नमाजाची, वेळ झाली. वलीने बांग दिली. कमालने दगडांच्या रांगेकडे न बघता मशिदीबाहेर उघड्यावर आपली चटई पसरली. वली आला, पायाने चटईचं टोक डावीकडे सरकवलं आणि हसला. "नजम्यात मशिदीच्या गालिच्यावर रेघा असतात, शेठ. हितं नसतात."

दोघं नमाजाला उभे राहिले. मी चटईकडे पाहिलं, मग कुंपणातल्या कबरींकडे, मग लांबवर त्या नव्या उंचवट्याकडे. तो कबरींच्या रेषेत नव्हता.

५

वाचकहो, इथे जरा थांबा. मला जे दिसलं ते तुम्हालाही दिसलं आहे. घाई न करता एकदा आठवून बघा, मग पुढे वाचा.

मी रबियाबींना गाडीमागे नेलं आणि वाळूत बोटाने घड्याळाची तबकडी काढली.

"बारा म्हणजे उत्तर. तुमच्याकडे कबर कशी खणतात?"

"डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. मय्यत उजव्या कुशीवर, तोंड काब्याकडं."

"म्हणजे पश्चिमेला. रत्नागिरीहून मक्का मावळतीला, किंचित उजवीकडे. पण आपण आता रत्नागिरीत नाही. कतार वर आहे, मक्का खाली. इथून काबा मावळतीच्या डावीकडे येतो. तोंड फिरलं की सबंध माणूस फिरतो, म्हणून इथल्या कबरीही फिरतात. कुंपणातल्या अकराच्या अकरा बघा. घड्याळाच्या साडेअकराच्या रेषेत डोकं आहे."

त्यांनी मान वर करून पाहिलं. "आणि ही नवी?"

"बाराच्या थोडी पुढे. अकरा कबरी एकीकडे, ही दुसरीकडे. तासाभराचं अंतर. पण कोकणातल्या कबरस्तानात ही बरोबर बसली असती."

"त्याच्या सोबत्यांनी गावच्या रीतीनं पुरला असंल त्याला."

"सोबती इथले होते, कबर इथल्यांनी खणली. आणि कोकणातल्या सोबत्यांनी खणली असती तरी मीठ चार बोटं वर नसतं, तांबडी माती तिकडे नसती. हा उंचवटा कालचा आहे. रचणाऱ्याला अकरा कबरी दिसत होत्या, पण साठ पावलांवरून असा तिरपेपणा सहज डोळ्यात भरत नाही. त्याने बघितलंच नसेल. त्याच्या हातांना सवय होती."

रबियाबींचा हात गाडीच्या पत्र्यावर टेकला होता. तो तसाच राहिला.

मी सावकाश बोललो. "वली अठ्ठावीस वर्षं रोज पाच वेळा इथे काब्याकडे तोंड करतो. झोपेतही चुकणार नाही. मिहीरला किब्ल्याचं, नमाजाच्या दिशेचं, काही कळत नाही, पण अकरा कबरींचा कोन त्याच्या वहीत लिहिलेला आहे. त्याने खोटी बारावी केली असती तर अकरांची नक्कल केली असती, अंशाचाही फरक न ठेवता. चुकेल असा माणूस एकच. ज्याने आयुष्यभर कोकणात कबरी खणल्या आणि इथे चौदा वर्षं फक्त गालिच्यावरच्या रेघा बघून नमाज पढला."

नमाज संपवून कमाल चटई गुंडाळत होता.

"पंचवीस पावलं," त्या हळूच म्हणाल्या. "त्याच्याच टेबलाशी ऐकलेली."

"आता अधिकाऱ्यांना सांगायचं का, हे तुमच्यावर आहे. नाव घेतलं तर त्याचं इथलं सगळं जाऊ शकतं. न घेता—"

"मास्तर," त्यांनी मला तोडलं, "मला शाळेत घालू नका. उद्या काय बोलायचं ते मी बोलीन."

६

रविवारी नऊ वाजता अधिकारी आले. कडक इस्त्रीचा पांढरा पायघोळ थोब घातलेला चाळिशीचा माणूस, सौम्य बोलणारा. मागोमाग रोलरही आला आणि रस्त्याच्या कडेला धूर सोडत थांबला. कॅफेटेरियातली एक प्लॅस्टिकची खुर्ची रबियाबींनी गाडीतून बरोबर आणली होती. ती त्यांनी चुन्याच्या रेघेवर, बरोबर तांबड्या डागाशेजारी मांडली आणि बसल्या.

मी मिठाची रेघ दाखवली, तांबडी माती दाखवली, दोन्हीकडची माती दोन कागदांवर ठेवली. वली अरबीत सांगत गेला. यावेळी त्याने काही गाळलं नाही. शुक्रवारी काय पाहिलं तेही सांगितलं. अधिकाऱ्यांनी कागदावरचे तांबडे कण बोटाने चोळून बघितले.

"दगड हलवला हे मला पटलं," ते हिंदीत म्हणाले. "पण कोणी? का? ते कळल्याशिवाय मी काय लिहू? उद्या कोणी म्हणेल की ही माती तुम्हीच आणून टाकलीत. मग मला हा दगड यादीतूनच काढावा लागेल."

 रोलरचं इंजिन चालू होतं.

रबियाबी म्हणाल्या, "लिहा. माझ्या घरातल्याने हलवला. दाऊदच्या पणतूने."

कमालने डोळे मिटून घेतले.

"त्याला भीती वाटली म्हणून हलवला. ती कुणाची भीती, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्याला काय बोलायचं ते मी घरी बोलीन, आन् चांगलं बोलीन. पण त्याला पाठीशी घालून माझ्या आज्यावरनं मशीन जाऊ देणार नाय. ही खुर्ची हितंच ऱ्हाईल."

"फूफी, गप," कमाल म्हणाला आणि पुढे आला.  "साहेब, मीच हलवला. जुम्याची नमाज सोडून आलो. पहार होती गाडीत. कोणी सांगितलं नव्हतं, ह्या इंजिनियरसाहेबांनीपण नाय. म्हटलं, थोडं सरकवलं की सगळ्यांचं भागेल. माझं, फूफीचं, रस्त्याचं." तो खाली बघत राहिला. "कबर सरकत नाय, हे विसरलो."

अधिकारी त्याच्याकडे बघत राहिले. "तुमचा कफील कोण?"

कमालने नाव सांगितलं. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं नाही.

मिहीर जीपकडे गेला आणि एक गुंडाळी घेऊन आला. जीपच्या बॉनेटवर उलगडली. त्यात रस्ता सिद्राच्या झाडाआधीच समुद्राच्या उलट बाजूला वळत होता आणि सारी वस्ती एका कडेला राहत होती.

"शुक्रवारी लुसैलच्या ऑफिसात बसून हेच काढत होतो, बाबा," तो म्हणाला. "टेबलाशी बोलून गेलो आणि दोन रात्री झोप आली नाही. चारशे मीटर रस्ता वाढतो, दोन महिने जास्त जातात. साहेब मला फाडून खातील."

"मग?"

"मग खाऊ देत."

अधिकाऱ्यांनी नकाशावर बोट फिरवलं, घड्याळ पाहिलं, फोनवर अरबीत बरंच बोलले. एकदा आवाज चढला. फोन ठेवल्यावर त्यांनी रोलरवाल्याला हाताने खूण केली. इंजिन बंद झालं. त्या शांततेत समुद्र ऐकू यायला लागला.

"आज काम थांबेल," ते म्हणाले. "नव्या आखणीचं मी लेखी मागतो. इन्शाल्ला होईल."

"इन्शाल्ला," रबियाबी म्हणाल्या. "पण खुंट्या आत्ता काढा."

"बाई, कागद आल्यावर—"

"माझा व्हिसा आठच दिवसांचा उरलाय. तुमचा कागद कधी येईल मला काय ठाऊक? खुंट्या निघाल्याशिवाय मी उठत नाय."

मिहीरने कोणाला विचारलं नाही. वाकून पहिली खुंटी हलवली आणि उपटली. कमाल दुसरीकडे धावला. वलीही आला. आठ खुंट्या निघाल्या. मग कमालने एकट्याने तो जांभा ओढत पंचवीस पावलं आणला. मदतीला गेलेल्या मिहीरला त्याने हाताने थांबवलं. दगड उभा करताना त्याने वलीकडे पाहिलं. वली काब्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि कमालने त्याच्या खांद्यांची रेष धरून दगड बसवला, मिठाची रेघ मातीला लागेपर्यंत खोल.

अधिकारी वहीत लिहीत होते. कबरीपाशी एक फलक लावायचा होता, त्याचा मजकूर त्यांनी वाचून दाखवला. एका परदेशी कारागिराची कबर, अंदाजे अमुक साल.

"परदेशी खोडा," रबियाबी खुर्चीतूनच म्हणाल्या.

"ते भारतातून आले होते ना?"

"आला होता. आन् तुमच्या आज्यांच्या होड्या बांधल्या. त्या होड्यांतनं ते मोती काढायला गेले आन् जिवंत घरी आले. मेला तेव्हा तुमच्या गावानं त्याला आपल्या रीतीनं पुरला, आपल्या काब्याकडं तोंड करून. मग परदेशी कोण?"

वलीने ते अरबीत सांगितलं. मधे एकदा तो अडखळला, पण पुरतं सांगितलं. कमाल हातातली तांबडी माती झाडायची विसरून ऐकत होता.

अधिकाऱ्यांनी तो शब्द खोडला. "मग काय लिहू?"

"दाऊद होडेकर. उम्म सिद्राचा सुतार."

त्यांनी लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे धरली. रबियाबींनी एकेक अक्षर बोटाने वाचलं, मान हलवली आणि उठून उभ्या राहिल्या.